आमदाराचं जॅकेट

तुमचं मत तुम्ही कुणाच्या भरवशावर ठेवलंय, सांगता का? उगाच मान हलवू नका. मत आपल्याच हातात असतं, असं सगळेच म्हणतात. कडकताईही म्हणायची.

कडकताई इस्त्रीवाली. वस्तीच्या तोंडाशी, एका इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान. दुकान म्हणजे काय, जुनी चादर अंथरलेलं टेबल, पाणी शिंपडायची बाटली, भिंतीवर ओळीने हँगर, आणि उंच गिऱ्हाइकाचं डोकं हमखास आपटेल असं तिरकं छत. खळ घालावी तर तिनेच आणि ऐकवावं तर तेही तिनेच, म्हणून नाव पडलं कडकताई. कपड्याची पावती तिने जन्मात कुणाला दिली नाही. ढिगातला शर्ट उचलायची, कॉलर उलटून बघायची आणि कुणाचा ते सांगायची. गिऱ्हाईक विसरलं तरी कपडा सुखरूप. आज ना उद्या माणूस आपल्या कपड्यासाठी परत येतोच, यावर तिचा सगळा धंदा उभा होता. आणि नेमकी यावरच ती फसली.

वस्तीतली माणसं शहरात मूठभर. घरात वेगळी भाषा बोलणारी, प्रार्थनेला वेगळीकडे जाणारी. त्यांचं मतदान वस्तीतल्या शाळेत व्हायचं. तेही कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं, आधीच्या पिढीने भांडून मिळवलं होतं. अशा वस्तीतलं मतदान केंद्र हलवायचं तर आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यायची, असा कायदाच होता. राज्याच्या सभागृहाने तो कायदा एका दुपारी काढून टाकला. म्हणे काळ बदलला, आता लोकांनी निवडून दिलेल्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकावं. विश्वास ठेवायचा कुणी? ज्यांना धोका आहे त्यांनी. आणि कुणावर? ज्यांच्यापासून धोका आहे त्यांच्यावर. वा रे शिकवणी!

त्या दुपारी हात वर करणाऱ्यांत वस्तीचा आमदारही होता. तो नोकरी शोधत फिरायचा तेव्हापासून कडकताई त्याला ओळखत होती. तेव्हा त्याच्याकडे बरा म्हणावा असा एकच शर्ट. त्याला इस्त्री होईपर्यंत बिचारा टेबलामागे बनियनवर बसून राहायचा आणि कुणी आलं की पडद्याआड सरकायचा. मोठा झाला तरी ओळख विसरला नाही, ताई म्हणायचं सोडलं नाही. कायदा गेल्यावर वस्तीत कुजबुज वाढली, तसा एका संध्याकाळी गाडी लांब उभी करून तो दुकानात आला. अंगातलं करडं जॅकेट काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"ताई, हे ठेव तुझ्याकडे. मतदान शाळेतच होईल, आणि त्या सकाळी येऊन हे इथूनच घालून जाईन. कायदा कशाला हवा, मी आहे ना?"

ताईला भरून आलं. तिने जॅकेट झटकलं, कडक इस्त्री केली आणि सगळ्यांना दिसेल असं मधल्या खिळ्याला टांगलं.

दोन दिवसांनी शाळेच्या पटांगणात सभा भरली. बोलावली होती वकीलबाईने. वकीलबाई म्हणजे वस्तीतल्या नळवाल्याची मुलगी, बापाच्या पान्यासारखीच पक्की पकड असलेली. तिने समजावलं, की केंद्र हलवायचा प्रस्ताव आलाय आणि हरकत घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. पण लोकांनी स्वतः निवडणूक कचेरीत जाऊन बोलायला हवं, एकटी वकील ओरडून उपयोग नाही. कामावर खाडा पडेल, साहेबांची बोलणी बसतील, हे तिने लपवलं नाही. माणसं चुळबुळली, पण बरीच तयार दिसत होती. तेवढ्यात कडकताई उठली.

"कशाला रांगा लावताय? त्याचं जॅकेट माझ्याकडे आहे. जाईल कुठे?"

पटांगण हसलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं हसलं. ताईचा शब्द म्हणजे वस्तीत पक्का, आजवर तिच्याकडून रुमालसुद्धा हरवला नव्हता. खुर्च्या दुमडल्या गेल्या, लोक घरी गेले, आणि वकीलबाई हातात माइकची वायर गुंडाळत एकटी उभी राहिली.

मुदत संपली, आणि पाठोपाठ शाळेच्या फाटकावर सूचना लागली. मतदान आता मोठ्या रस्त्यापलीकडच्या क्लबच्या हॉलमध्ये. त्या रस्त्यावर गाड्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि ओलांडायला एकच लोखंडी पूल, शिडीसारखा उभा. ताईची सासू घरातल्या घरात भिंत धरून चालायची. कळायला लागल्यापासून तिने एकही मतदान चुकवलं नव्हतं. आणि अशा म्हाताऱ्या वस्तीत घरोघरी होत्या.

ताईने वाट पाहिली, की कुणीतरी येऊन भांडेल. कुणी आलं नाही. गिऱ्हाइकं यायची, खिळ्यावरच्या जॅकेटकडे एकदा बघायची आणि कपडे ठेवून निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर तिने परत तरी दिल्या असत्या. आमदाराला फोन केला की साहेब बैठकीत असायचे.

मग एका सकाळी समोरच्या खांबावर त्याचा फलक चढला. हात जोडून हसणारा आमदार, अंगात करडं जॅकेट. तोच रंग, तीच बटणं. ताईने वळून खिळ्याकडे पाहिलं. तिच्याकडचं जागच्या जागी होतं. इस्त्री चादरीवर राहिली, आणि जळका वास आला तेव्हा ती भानावर आली.

घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "गिऱ्हाइकाकडे दुसरं जॅकेट असू शकतं, एवढं सुचलं नाही तुला? माझ्या मुलाकडे एकच आहे, म्हणून काय सगळ्या जगाकडे एकच?"

ताई तडक वकीलबाईच्या दारात गेली. वकीलबाईने दार उघडलं, आत ये म्हटलं नाही.

"ताई, जॅकेटला विचारलंत का, आता पुढे काय करायचं?"

एरवी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. ताई एवढंच म्हणाली, चल माझ्याबरोबर.

ताईने खिळ्यावरचं जॅकेट काढून घेतलं आणि दोघी आमदाराच्या कचेरीत गेल्या. त्याने उठून स्वागत केलं, अगं हे तुझ्याकडेच राहिलं की, म्हणाला, आणि मग बोलत सुटला. वरून आदेश होता, पक्षात एकट्याचं काही चालत नाही, त्याने शब्द टाकून पाहिला होता, म्हाताऱ्या माणसांसाठी तो स्वतः गाड्या पाठवील. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडून होईल तेवढं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने जॅकेट टेबलावर ठेवलं आणि सवयीने बाही सरळ केली.

"गाडी तुझ्या सोयीने येईल रे. पूल मात्र तिथेच राहणार. तू वाईट नाहीस, पण तुझं काय अडलंय? अडलंय आमचं. कपडा मी विश्वासावर ठेवते. मत ठेवलं, ते चुकलं."

मतदानाच्या दिवशी ताईने दुकान बंद ठेवलं. सासूला उचलून न्यायला चार पोरं खुर्ची घेऊन आली, तर म्हातारीने त्यांना हाकललं. म्हणाली, उचलून न्यायची वेळ आली की मी स्वतःच सांगेन. एकेक पायरी बसत, उठत ती पूल चढली. मागची सगळी रांग तिच्या चालीने चालली. काही जणांची कामाची वेळ झाली आणि ते अर्ध्या पुलावरून माघारी फिरले. पुष्कळ म्हातारी माणसं घराबाहेरच पडली नाहीत. आमदाराची गाडी आली, ऊन कलल्यावर. आमदार निवडून आला.

वकीलबाईने कोर्टात दावा लावला. पहिलाच प्रश्न आला, मुदतीत हरकत का घेतली नाही? ताई उठून उभी राहिली आणि भरल्या कोर्टात जॅकेटची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. स्वतःला कुठेही वाचवलं नाही. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. झालेलं मतदान त्यांनी मोडलं नाही, पण पुढच्या निवडणुकीआधी केंद्र कुठे ठेवायचं ते नव्याने ठरवा आणि वस्तीचं म्हणणं ऐकून मगच ठरवा, असा हुकूम दिला.

निवडणूक कचेरीतली हरकतींची खिडकी आता पुन्हा उघडली आहे. ताईच्या मधल्या खिळ्याला काही नाही, तो तिने मुद्दाम रिकामा ठेवलाय. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी विचारते, कचेरीत जाऊन बोलून आलास का? नाही म्हणालं, की कपडे मिळतात, पण सगळ्यात शेवटी. आमदार परवा पुन्हा येऊन गेला. या वेळी शाळा नक्की, म्हणाला. ताईने त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर दुकानाची फळी ओढून कचेरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तुम्हालाही कुणीतरी शब्द दिला असेल. खरा असेल, आनंद आहे. पण हे वाचून झालं की उठा, तुमचं मतदान केंद्र कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा, आणि हललं असेल तर मुदतीच्या आत हरकत घ्या. जाताना शेजारच्या म्हातारीलाही विचारा, तिला तिथवर पोचता येईल का.