बाईंच्या दगडावरचं कुंकू

पाचोऱ्यात चहाची टपरी उघडण्याआधी भिकुबाई रोज समोरच्या फुटपाथमध्ये बसवलेला दगड घासते. गावात बायकांचं पहिलं मासिक काढणाऱ्या सुलक्षणाबाईंच्या नावाचा तो दगड. त्यांच्या अंकांना घड्या घालण्यात भिकुबाईचं तरुणपण गेलं. नावावर पाय पडू नये म्हणून कुणीतरी तिथे फूल ठेवलं, मग कुंकू आलं, आता नारळही फुटतात. सकाळी घासलेली अक्षरं दुपारपर्यंत कुंकवाखाली दिसेनाशी होतात.

आज गल्लीतली नवी सून चारुलता पूजेचं ताट घेऊन वाकली, तशी भिकुबाई वैतागली. "अगं, काय लिहिलंय ते वाच तरी."

"अक्का, देवीच शे ना?"

"देवी कसली? बाई होती. नवरा गेल्यावर या गल्लीत तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. तुझ्या सासूनंसुद्धा."