मामांचे तीन थांबे

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि पेपरच्या पुरवणीत छापावे इतके माझे लिखाण चांगले नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्या मामांच्या मरणात माझ्या एका वाक्याचा वाटा आहे... त्यामुळे हे लिहिण्याचा हक्क मला आहे का, तेच कळत नाही.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर आई आणि मी मामांकडेच राहतो. दर सोमवारी सकाळी मी यवतमाळला निघालो की माझी पिशवी खांद्यावर घेऊन ते जीपपर्यंत यायचे. वाटेत तीनदा थांबायचे. निंबाखाली, हापशीजवळ आणि पुलाच्या कठड्यावर. दर ठिकाणी एक विडी. मी चिडायचो, "मामा, जीप जाईल ना." ते म्हणायचे, "जाऊ दे न. तू साहेब होऊन राह्यला, तुयासाठी थांबते ते." एका हातात विडी, दुसऱ्या हाताने पोटरी चोळणे. मी ते दर सोमवारी बघत होतो. चालले की पोटरीत गोळा यायचा, थांबले की जायचा. विडी हे निमित्त होते, हे मला फार उशिरा समजले.

गेल्या वर्षी कॉलेजात तपासणी शिबिर होते, तिथे मी त्यांना नेले. ब्लड प्रेशर ठीक निघाले, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, तीही ठीक. डॉक्टर म्हणाले, "पट्टी चांगली आहे." बाहेर येऊन मी सोपे करून सांगितले, "मामा, तुमच्या नसा साफ आहेत." नसांचे डॉक्टर काही बोललेच नव्हते. ती माझी भर. मामांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांडाभर दाखवला. मामी विडीवरून बोलली की म्हणायचे, "भाचा शिकून राह्यला. त्याले जास्त समजते का तुले?"

पावसाळ्यात मामांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. भरेना, मग काळी पडली. दवाखान्यात चला म्हणालो, तर म्हणाले, "कायले? नसा साफ हायेत, तूच सांगतलं न." आणि मी गप्प बसलो. मलाही ते खरे वाटत होते...

काळेपणा वर चढू लागला तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर माणूस काढून समजावले. रक्तवाहिन्या शरीरभर असल्या तरी सगळ्या सारख्या बिघडत नाहीत. विडी-तंबाखू पायांच्या वाहिन्यांना जास्त धरते, साखर गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्यांना, वाढलेले ब्लड प्रेशर मेंदूला, कोलेस्टेरॉल हृदयाला. ठाम नियम नाही, कल असतो. छातीच्या पट्टीवरून पायाचे कळत नाही; आणि पाय इतका गेला असेल तर पट्टी चांगली निघूनही हृदयाची खात्री देता येत नाही. मामांची साखर आम्ही कधी तपासलीच नव्हती. ती तिथे सापडली.

पाय मांडीपासून काढला. शुद्धीवर आल्यावर मामा मला म्हणाले, "चाल, एक पोटरी तरी दुखाची थांबली." मला हसता आले नाही. शिबिराचा तो कागद त्यांच्या उशाखाली होता.

पाचव्या दिवशी मामी म्हणाली, उद्या-परवा सुट्टी होईल, घरून धुतलेलं धोतर घेऊन ये. मी बस, मग जीप करून आलो. तांड्याकडे चालताना पुलाच्या कठड्यावर बसलो. माझे पाय दुखत नव्हते. तिथे थांबायची सवय झाली होती, एवढेच. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"घरी पोचला काय?"

"नाही, पुलावर आहे."

"बसून हायेस न?"

"हो."



"धोतर नको आणू आता."