दशावताराच्या पेटाऱ्यावर कंपनीचा दावा

बाबलतात्यांनी नोटीस माझ्या टेबलावर ठेवली आणि केळ्यांचा घड खुर्चीवर. चेहरा असा खुललेला, की घरात लग्न ठरलं असावं.

"वकीलानू, मुंबयच्या सिनेमा कंपनीन माका पत्र धाडल्यानी. इंग्रजीत आसा. वाचून दाखवा. मगे फ्रेम करून भिंतीर लावतंय."

बाबलतात्या दशावताराच्या एका मंडळीचे मालक. आमच्या मालवणकडे दिवाळीनंतर गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत दशावतार होतो. पुराणातली एखादी कथा घ्यायची आणि सकाळपर्यंत रंगवायची. बायकांची कामं पुरुषच करतात, त्यांना आम्ही स्त्रीपार्टी म्हणतो. तात्या स्वतः राक्षस करायचे. आवाज असा, की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागे लपायची.

मी नोटीस वाचली आणि म्हटलं, "तात्यानू, फ्रेम करू नकात. तेंनी तुमका चोर म्हटल्यानी हा."

तात्यांचा चेहरा उतरलेला बघून मला कंपनीचा पहिल्यांदा राग आला. नंतर तो वाढतच गेला.

प्रकरण असं होतं. कंपनीने एक पौराणिक बोलपट काढला होता. एका राक्षस राजाची आणि त्याच्या पतिव्रता बायकोची गोष्ट. गोष्ट पुराणातली, पण त्यात एक प्रवेश कंपनीच्या लेखकाने मनाने घातला होता. राजा युद्धाला निघतो तेव्हा बायको उंबरठ्यावर आडवी बसते आणि त्याला जाऊ देत नाही. मालवणात तंबूत सिनेमा लागला तेव्हा या प्रवेशाला बायाबापड्या ढसाढसा रडल्या होत्या. तात्याही रडले होते. त्यांना तो बोलपट इतका आवडला, की तंबू उठेपर्यंत त्यांनी एकही खेळ चुकवला नाही. मग जत्रा सुरू झाल्या तशी त्यांनी ती गोष्ट दशावतारात आणली. नावही बोलपटाचंच ठेवलं. रंगमंचावरून स्वतः सांगायचे, की हे आम्ही मुंबईच्या अमुक बोलपटावरून घेतलं आहे, बोलपट फार छान आहे.

पुढे तंबू दुसऱ्या गावांत गेला, तर तिथे खुर्च्या रिकाम्या. "ता आमी धयकाल्यात बघलंव," असं लोक तंबूवाल्याला तोंडावर सांगायचे. धयकालो म्हणजे दशावतारच. तंबूवाल्याने कंपनीला कळवलं, कंपनीने वकिलाला, आणि वकिलाने तात्यांना.

कॉपीराइटचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. माझी वकिलीही नवीच होती, त्यामुळे आम्ही दोघे बरोबरीचे. कायदा थोडक्यात असा. गोष्ट सुचणं वेगळं आणि ती अमुक शब्दांत, अमुक रीतीने मांडणं वेगळं. कायदा मांडणीला जपतो. सुचण्यावर कुणाची मालकी नसते. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, यावर वकिलांची पोटं चालतात.

कंपनीच्या मागण्या तीन. प्रयोग बंद करा. नाटकाची लिहिलेली प्रत आमच्या ताब्यात द्या. आणि त्यात वापरलेले कपडे, मुकुट, हत्यारं, सगळं सामान जमा करा.

तिसरी मागणी सगळ्यात जड. मंडळीचं सगळं सामान एका वेताच्या पेटाऱ्यात असतं. आज जो मुकुट या राक्षसाचा, तोच उद्या रावणाचा आणि परवा कंसाचा. त्याच पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटाही असतो. पेटारा देवळात पोचला की त्याची पूजा होते, त्याशिवाय खेळ उभा राहत नाही. शिवाय कुठल्या गावच्या जत्रेला कुठली मंडळी हे ठरलेलं असतं. एकदा का तुम्ही गेला नाहीत, की गाव दुसरी मंडळी बोलावतो आणि तो मान कायमचा जातो. पेटारा गेला म्हणजे हंगाम गेला, हंगाम गेला म्हणजे मंडळी मोडली.

"पेटारो तेंका दिलो तर मी जत्रेक काय घेवन जाव?" तात्यांनी विचारलं.

"देवचो नाय," मी म्हटलं. कसा देणार नाही, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कंपनी थांबली नाही. तिने रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला आणि तातडीचा मनाई हुकूम मागितला. मनाई हुकूम म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत हात बांधून बसा, असा कोर्टाचा आदेश. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. मी, तात्या आणि त्यांचा स्त्रीपार्टी गोपाळ असे बोटीने निघालो. गोपाळ गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांतला. होडीवर जायचा, जाळी ओढायचा आणि जत्रेत राणी व्हायचा. हात वल्ह्यासारखे. साडी नेसला की ते हात कुठे जायचे देव जाणे.

बोटीवर मी दोघांना बजावलं, विचारतील तेवढंच बोला. बोलपटाची स्तुती तर अजिबात नको.

कोर्टात कंपनीतर्फे मुंबईचे एक नामांकित वकील होते आणि शेजारी कंपनीचे मॅनेजर प्रधान. वकीलसाहेबांच्या हातात बोलपटाचे संवाद टाइप केलेले कागद. माझ्या हातात काही नाही.

जज्जसाहेबांनी तात्यांना विचारलं, "तुम्ही हा बोलपट पाहिला आहे?"

"व्हय साहेब. सगळे खेळ बघलंय. लय बरो लागलो, म्हणान केलंय."

मी कपाळाला हात लावायचा तेवढाच बाकी राहिला. मुंबईचे वकील खुशीत आले.

"आता नाटकाची लिखित प्रत हजर करा," ते म्हणाले.

तात्या गोंधळले. "लिवलेला काय नाय साहेब. पडद्यामागे बसान कोणी काय करूचा ता ठरयतंव. मगे भायर येवन बोलतंव."

"संवाद कोण लिहितं?"

"कोण नाय. ज्येका त्येका सुचतत."

"साहेब, हे धादांत खोटं आहे," मुंबईचे वकील जज्जांकडे वळले. "रात्रभर चालणारं नाटक लिहिल्याशिवाय होतं, यावर कोण विश्वास ठेवील? यांनी प्रत लपवली आहे. माझी मागणी आहे, उंबरठ्याचा प्रवेश यांनी इथेच करून दाखवावा. आमचे संवाद माझ्या हातात आहेत. चोरी जागच्या जागी दिसेल."

ही मागणी त्यांनी केली, मी नाही. हे मी आजही लोकांना मुद्दाम सांगतो.

जज्जसाहेब जरा विचारात पडले, मग हो म्हणाले. समोरची जागा मोकळी झाली. गोपाळच्या अंगात शर्ट आणि कमरेला पंचा. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वकीलानू, पदर नाय तर माझ्यान बोलूक होवचा नाय. तुमचो झगो देवा." मी माझा काळा गाऊन काढून दिला. त्याने तो डोक्यावरून घेतला, टोक दातात धरलं आणि जमिनीवर आडवा बसला. मी बाजूलाच उभा होतो, पण तिथे गोपाळ राहिला नव्हता. एक बाई बसली होती.

दशावतारात राजा-राणी शुद्ध बोलतात, मालवणी फक्त विनोदाला. गोपाळ म्हणाला, "नाथ, जाणाऱ्याला वाट असते. मागे राहणारीला हा उंबरठाच तेवढा. तो ओलांडताना माझ्या अंगावरून जावं लागेल, एवढं ध्यानात असू द्या."

तात्यांनी राक्षसाच्या आवाजात उत्तर दिलं तेव्हा बाहेरचे पट्टेवाले आत डोकावले. प्रवेश संपला. मुंबईचे वकील कागद उलटसुलट करत होते. बोलपटातली राणी देवाची करुणा भाकते आणि शेवटी मूर्च्छित पडते. इथलं एक वाक्य तिथे नव्हतं.

पण माणूस हुशार होता. म्हणाले, "साहेब, कोर्टासाठी यांनी मुद्दाम नवे संवाद पाठ करून आणले आहेत."

आता मी उठलो. "मग साहेब, तोच प्रवेश ते पुन्हा करतील. पाठ केलं असेल तर तेच येईल."

जज्जसाहेबांनी मान डोलावली. गोपाळ पुन्हा बसला. या वेळी मान खाली नव्हती. सरळ तात्यांकडे बघत तो म्हणाला, "जा, महाराज. मी अडवणार नाही. पण एक सांगून जा. तुम्ही युद्धावरून परत आलात आणि दारात मी नसले, तर तुम्ही जिंकलात हे कुणाला सांगणार?"

आणि तात्या अडकले.

खरोखर अडकले. तोंड उघडलं, मिटलं. मिशीवरून हात फिरवला. या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे राक्षसाला कळेना आणि बाबलतात्यांनाही कळेना. मग तात्यांच्या आवाजातला गडगडाट गेला. "देवी," ते म्हणाले, "आजवर सगळ्या लढाया जिंकलो. एवढा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तू दारात उभी राहा, म्हणजे मला परत यावंच लागेल."

प्रधान मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी तो बोलपट स्वतः उभा राहून बनवून घेतला होता, तरी त्यांचे डोळे भरले. ते पाहून मला इतका आनंद झाला, की आमच्या बाजूचा वकील मीच आहे हे क्षणभर विसरलो.

जज्जसाहेबांनी गोपाळला विचारलं, "बोलपटातली वाक्यं तुम्हाला पाठ असतील ना? ती का नाही म्हणत?"

गोपाळने डोक्यावरचा गाऊन खाली घेतला. "तां सिनेमातल्या राणीन बोलान झाला साहेब. परत तांच बोललंय तर ह्यो माका काय उत्तर देतलो?"

हुकूम त्याच दुपारी झाला. कथा पुराणातली, तिच्यावर कंपनीची मालकी नाही. उंबरठ्याची कल्पना बोलपटावरून घेतली हे प्रतिवादी स्वतःच सांगतात, पण शब्द आणि मांडणी त्यांची स्वतःची, आणि तीही दर वेळी नवी. उत्तरासाठी अडकलेला माणूस पाठांतर करून आलेला नसतो, हे वाक्य जज्जसाहेबांनी हुकुमातच घातलं. पेटारा बोलपटाच्या कितीतरी आधीपासूनचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. बोलपटातलं एक गाणं मात्र तात्यांची मंडळी चालीसकट म्हणत होती. ते बंद. मी त्यावर वाद घातला नाही. ते गाणं उचललेलंच होतं, आणि तात्या ते म्हणायचेही वाईट.

बाहेर आल्यावर मुंबईचे वकील तडक निघून गेले. प्रधान थांबले. "दावा आम्ही पुढे चालवणार नाही," ते म्हणाले. "पण प्रयोगाच्या आधी आमच्या कंपनीचं नाव रीतसर घेत जा, एवढी विनंती."

"तेच्यात काय मोठा?" तात्या म्हणाले. "देवासमोर घेतंव. तुमी जत्रेक येवा."

प्रधान खरंच आले. पुढच्याच जत्रेला, दिवेलागणीच्या सुमारास पेटारा वाजतगाजत देवळात पोचला. पूजा झाली. मग गावचा मानकरी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाने मिळून देवाकडे केलेलं मागणं. मानकरी एकेक मागणं मोठ्याने मागतो आणि प्रत्येकाला सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. तात्या त्याच्या कानाला लागले होते.

"बा देवा म्हाराजा, ही मुंबयची कंपनी आमच्यावर रागावलेली, तेंचो राग आता गेलो आसा. तेंचो बोलपट तंबूत भरान चलांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. प्रधानही हात जोडून म्हणाले. कंपनीचं नाव इतक्या रीतसर कधी कुणी घेतलं नसेल.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळली. दावा लावण्याआधी, चोरीला गेलेला माल एकदा स्वतः बघून यायचा. मुंबईचे वकील एखाद्या जत्रेत बसले असते तर रत्नागिरीला आलेच नसते.

मानकरी अजून थांबला नव्हता. तात्या पुन्हा त्याच्या कानाला लागले.

"आणि ह्या कंपनीक पुढचो बोलपट बेगीन काढूची बुद्धी दी रे म्हाराजा. आमच्या मंडळीक नवी गोष्ट व्हयी आसा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. प्रधान सवयीने गावाबरोबर म्हणून गेले, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघू लागले.