लाँचमधली फळी

"ए, ऊठ तिथून. मेंढरांचा वास येतोय."

अण्णा माझ्या आईला म्हणाला. अण्णा म्हणजे आमच्या गावचा बडा बागायतदार. आम्ही जुन्नर तालुक्यातले धनगर. दरवर्षी आमची मेंढरं खतासाठी त्याच्या कांद्याच्या रानात बसायची. तेव्हा त्याला वास येत नव्हता.

नव्वदनंतरची गोष्ट. मी चौदा वर्षांची. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या पाण्यापलीकडं, मावशी बाळंत झाली होती. सकाळच्या लाँचनं जायचं, बाळ बघायचं, संध्याकाळी परत. आई, बा आणि मी. लाँचमध्ये मी पहिल्यांदाच बसले होते. अण्णा बायकोपोरांना घेऊन पलीकडं देवाला निघालेला. तो आमच्या मागून चढला.

आई फळीवरून उठली नाही. म्हणाली, "अण्णा, पुढं जागा हाय की. आमी आधी आलोय."

एवढंच बोलली.

अण्णानं तिच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि पाण्यात भिरकावलं. त्यात बाळासाठी छोटं घोंगडं होतं. बानं स्वतः लोकर कातून करवून घेतलेलं. आई धरायला वाकली. त्यानं तिचा बुचडा धरून तिला मागं खेचलं. लोखंडी कडेवर तिचं कपाळ आदळलं. रक्त डोळ्यात उतरलं.

लाँच भरलेली होती. सगळे पाण्याकडं बघत बसले.

बा उठला. मला वाटलं, आता हा मारणार. बानं हात जोडले. "चुकलं अण्णा. तिला कळत न्हाई."

लाँच ढकलायचा बांबू पायाशी पडला होता. मी तो अण्णाच्या नडगीवर हाणला. तो कळवळून वाकला. दुसरा टोला खांद्यावर. त्यानं माझा गळा धरला. मी त्याच्या मनगटात दात रुतवले. तोंडात खारट रक्त आलं तरी सोडलं नाही. कुणीतरी पाठीत लाथ घातली, तेव्हा सुटले.

पलीकडं उतरल्यावर बानं मला तोंडावर मारलं. एकदा नाही, तीनदा. सगळ्यांदेखत.

"पाया पड त्यांच्या! मेंढरं कुठं बसवायची आपण?"

"न्हाई पडणार. तू पड."

बा पडला. काठाच्या चिखलात. ते मला त्याच्या मारापेक्षा लागलं.

आईनं पदरानं कपाळ दाबलं. "चल गं. बाळ बघायचंय," म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून ती त्याच फळीवर येऊन बसली. अण्णा चढला. आई जन्मात पहिल्यांदा त्याला एकेरी बोलली.

"लाव हात. लावून बघ."

तो पुढं जाऊन बसला.

आठ दिवसांनी त्याची माणसं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर आली, भर दुपारी. काठ्यांनी सात मेंढरांचे पाय मोडले. बाचा हातही मोडला. आई न् मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, "मिटवून टाका." आम्ही मिटवलं नाही, लाँचपासूनची सगळी तक्रार लिहून दिली. लाँचमधला एकही माणूस साक्षीला आला नाही. अण्णा कोर्टातून सुटला.

बा वाकड्या हातानं मेला. गाव म्हणतं, जुनं झालं, सोड आता. मी सोडत नाही. माफ केलं नाही, करणार नाही. पुन्हा कुणी आमच्यातल्या बाईच्या अंगावर आला, तर मी साक्षीदार शोधत बसणार नाही. मारीन. आणि चौकीत जाऊन माझं नाव मीच लिहून देईन.