कणबाईंनी मागे घेतलेला आकडा

बाईंबद्दल लिहावं एवढं मला त्यांच्याबद्दल ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात आमची टेबलं एकाच भिंतीला लागून होती, पण त्यांना गाणं आवडायचं की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. त्यांचा भाचा म्हणाला, तुम्हीच आत्याला जास्त ओळखत होता, चार ओळी लिहा. तसं असेल तर त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, असंच म्हणावं लागेल. मला लिहायची सवय नाही. उणंअधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

आमच्या ऑफिसचं काम जमिनीखालचा गॅस अजमावण्याचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे पाणी साठलं होतं, तिथे तळाशी गाळ बसत गेला, त्यात झाडापाल्याचे अवशेष पुरले गेले. वरून थरावर थर चढले, खाली उष्णता वाढली आणि ते सगळं हळूहळू शिजलं. नीट शिजलं तर त्या काळ्या, पापुद्र्यांच्या खडकात गॅस तयार होतो आणि तिथेच अडकून बसतो. खडक कच्चा राहिला तर हाती काही लागत नाही. खडक किती शिजला, हे सांगणं बाईंचं काम. खडकाचा तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यातल्या कोळशाच्या बारीक कणांची चमक मोजायची. जितकी आच लागलेली, तितकी चमक जास्त. म्हणून सगळे त्यांना मागून कणबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं. फोन उचलल्यावर कधीकधी त्या स्वतःच म्हणत, "हां, कणबाई बोलतेय." मी नकाशे करायचो, त्यामुळे मी 'नकाशेवाले'.

त्यांनी आकडे द्यायचे आणि मी नकाशात रंग भरायचे. कच्च्या भागाला पिवळा, गॅसच्या भागाला लाल.

एका खोऱ्याच्या उत्तर भागात पहिली विहीर खोदली गेली, तेव्हा मी तिथे लाल भरला. बाईंचं माहेरचं गाव त्याच लाल रंगात होतं, हे मला पुढे कळलं. गावातला कारखाना बंद पडला होता आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा, तिथेच फिटर होता. आईवडील लवकर गेल्यावर बाईंना त्यानेच वाढवलं, शिकवलं. आकडा बाहेर फुटल्यावर दादा गावभर सांगत सुटला की गॅस येणार, माझ्या बहिणीनं मोजलाय. दुसऱ्या शहरात त्याला काम मिळत होतं, ते त्याने नाकारलं. त्याच्या भरवशावर आणखी काही घरंही थांबली.

खोदताना खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. बाईंनी मोजला होता तो हा चुरा. त्यात दोन तऱ्हेचे कण होते, काही मंद आणि काही चमकदार. विहिरीच्या कडेचा वरच्या थरांतला कच्चा माल ढासळून चुऱ्यात मिसळतो, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बाईंनी मंद कण त्या खात्यात टाकले आणि चमकदार कणांवरून आकडा दिला. कोणीही तेच केलं असतं.

पुढच्या वर्षी शेजारच्या विहिरीतून त्याच थरातल्या खडकाचा अखंड दांडा कापून आणला. दांड्यात वरचं काही ढासळून येऊ शकत नाही. बाईंनी तो घासला, पाहिला, आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा काढला नाही. मग मला म्हणाल्या, "नकाशेवाले, मी पाहुण्यांनाच घरची माणसं समजले."

मंद कण याही खडकात तसेच होते. म्हणजे ते त्याच थरातले. चमकणारे कण दुसरीकडच्या जुन्या खडकात आधीच शिजलेले होते आणि तो खडक झिजल्यावर नदीबरोबर वाहत इथे आले होते. त्यांना लागलेली आच इथली नव्हती. इथला खडक कच्चाच होता.

आमचा साहेब वाईट माणूस नव्हता. अजून एक विहीर होऊ द्या, आकडे काय, बदलतच असतात, असं त्याचं म्हणणं. बाई त्याच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या.

"तोवर तिथली माणसं वाट बघत बसतील, साहेब. काही तर आलेलं काम सोडून."

त्याच दिवशी त्यांनी आकडा मागे घेतला. मी लालाचा पिवळा केला. पूर्वी हाताने रंगवायचो तेव्हा याला दुपार लागली असती. संगणकावर एका क्लिकमध्ये झालं. इतक्या लवकर व्हायला नको होतं, असं वाटलं. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

आठवडाभरात दादा ऑफिसात आला. उंच, रुंद हाडाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. बाईंच्या टेबलाशी दुसरी खुर्ची नव्हती म्हणून माझ्याच टेबलाशी बसला आणि मला उठून जाताही येईना.

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "दादा, माझं मोजणं चुकलं होतं."

"मग परत मोज."

"तेच केलं."

दादा म्हणाला, "लहानपणी तुझं गणित चुकलं की मी पाठीत धपाटा घालायचो. आज बरोबर आलं म्हणून घालावासा वाटतोय." मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. लोकांना मी आता काय तोंड दाखवू, एवढं विचारून तो उठला. बाईंनी पुढे केलेला चहा तसाच राहिला.

पुढच्या विहिरीतही खडक कच्चाच निघाला. खोदणारे सामान आवरून गेले. दादा परगावी कामाला लागला, पण बहिणीशी बोलणं त्याने टाकलं ते टाकलंच. बाई सुट्टीत त्याच्याकडे जाऊन येत. मी विचारायचो, कसं झालं? त्या म्हणायच्या, "वहिनी बोलली." यापलीकडे मी कधी विचारलं नाही. काम मात्र त्या तसंच करत राहिल्या. फक्त चुऱ्यावरून आकडा द्यायचा झाला की त्याखाली स्वतःच्या हाताने 'दांडा बघेपर्यंत कच्चा धरावा' असं लिहीत. नवी मुलं त्यावरून त्यांची थट्टा करत.

त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मीही. वहिनी गेल्या. गावी परतलेला दादा पाय मोडून अंथरुणाला खिळला. भाच्याने कळवताच बाईंनी घर बंद केलं आणि भावाकडे राहायला गेल्या. बोलावलं भाच्याने होतं, दादाने नाही.

मी सहसा कोणाला फोन करत नाही. त्या थंडीत एकदा केला. त्यानंतर महिन्याभरात त्या झोपेतच गेल्या, ते मला भाच्याकडून कळलं.

फोनवर त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग मी धीर करून विचारलं, "दादा बोलतात का?"

"बोलतो की. काल म्हणाला, तुझं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कानात कापूस घाल. बरं, ठेवते आता, त्याला कुशीवर वळवायचंय."

"ठेवा," मी म्हणालो.