राईत ऊन, नाशिकला पाऊस

मेथीच्या पोत्यात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. पोतं आतून तापलं होतं. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसऱ्यातून तर वाफच आली आणि असा कुबट वास, की मी मागे सरले.

"सलीमभाई, ये क्या लाए हो?"

"मॅडम, बारिश में भरा है. उधर दूसरा कुछ था ही नहीं." आमचा टेम्पोवाला सलीम स्वतःच पोत्यांकडे बघत उभा राहिला.

मी पूनम सागर या वसाहतीजवळ एका केटररकडे खरेदी बघते. पालेभाजी आम्ही थेट नाशिककडच्या शेतांवरून उचलतो. त्या दुपारी जवळच्याच राई गावात लग्नाचं जेवण होतं. मेथी-मटर, पालक-पनीर, हराभरा कबाब, हिरवी चटणी. नोव्हेंबरअखेर या भाज्या भरपूर आणि स्वस्त असतात, म्हणून मेन्यू असा हिरवागार.

पालेभाजी तोडल्यावरही तिचा श्वास चालू असतो, त्यातून उष्णता निघते. जुडी कोरडी असेल तर ती हवेबरोबर निघून जाते. ओल्या, गच्च पोत्यात कोंडते आणि भाजी सडते. हे मला माहीत होतं. पण एका रात्रीत अख्खा टेम्पो? हे कधी पाहिलं नव्हतं.

वाशी मार्केटमधल्या आमच्या दलालाला फोन लावला. "ताई, तिकडे गारा पडल्यात. गाड्याच आल्या नाहीत," तो म्हणाला. कोथिंबिरीचा भाव सांगितला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारला. तोच. एका जुडीच्या भावात परवापर्यंत टोपलीभर कोथिंबीर येत होती.

कांदा-बटाटा गोदामातून काढता येतो. पालेभाजी साठवता येत नाही. आज शेतात नसेल तर आज कुठेच नसते. नवीन पेरून यायला महिना लागतो. खाणारे मात्र तेवढेच राहतात. मग भाव असा उडतो. आणि एवढं मोजूनही लग्नाला पुरेल इतका माल दलालाकडे नव्हताच.

आमचे केटरर शेठ आले. नाक दाबून म्हणाले, "बेन, वरचं वरचं काढून टाक ने. मधलं धुऊन घे, मसाल्यात काय कळते?"

"शेठ, सडायला सुरुवात मधूनच झालीय. लग्नाचं जेवण आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं जेवणार."

"पार्टीला काय सांगणार?"

"खरं तेच. मी जाते."

शेठनी एक जुडी उचलून मधोमध फाडली. आत नुसता काळा लगदा. ती टाकून देत त्यांनी मला जायची खूण केली.

राईत मांडव सजला होता. आकाश निळंशार, ऊन कडक. मुलीचे वडील पाटीलकाका खुर्च्या लावून घेत होते. पावसानं पालेभाजी सडल्याचं मी सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वर बघितलं.

"पाऊस? कुठं हाय पाऊस?"

"काका, नाशिककडे पडलाय."

"नाशकात पडला तं माझ्या पोरीच्या लग्नात मेथी न्हाय? आज सांगता?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम बसला. "व्याह्यांना मी काय तोंड दाखवू?"

"दुधीचे कोफ्ते देते. पनीर टोमॅटोच्या ग्रेव्हीत, चटणी चिंच-खजुराची. कोणी उपाशी उठणार नाही आणि कोणी आजारी पडणार नाही, ही माझी जबाबदारी."

ते मान फिरवून खुर्च्यांकडे गेले. तोच होकार समजून मी किचनला फोन केला.

जेवण वेळेवर लागलं. वऱ्हाडी दोन-दोनदा कोफ्ते मागत होते. व्याह्यांनी मेथीचं नावही काढलं नाही. तरी पाटीलकाका निघताना माझ्याशी बोलले नाहीत. धाकट्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर त्यांनी दुसऱ्याला दिली.

आता बुकिंगलाच मी प्रत्येक पालेभाजीसमोर बदली भाजी लिहून घेते. पार्टी वैतागते, "एवढं काय मॅडम?" म्हणते. वैतागू दे. ऑफिसात वैतागलेलं परवडतं, मांडवात नाही.