गोबी मासे आणि सासऱ्यांचा श्रावण
कणीक मळताना तिचा ओला वास आला की अजून माझं डोकं फिरतं. संगमनेरच्या घरी माझ्या छोट्या टाकीत बंबलबी गोबी होते, बोटाच्या पेराएवढे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. ते जिवंत अळ्याच खायचे. श्रावण लागला तसं सासऱ्यांनी अळ्यांची वाटी मोरीत ओतली. "सरावनात घरात जीव मारायचा न्हाई," म्हणाले, आणि प्रवरेतल्या माशांना घालतात तशा कणकेच्या गोळ्या टाकीत टाकू लागले. मी म्हटलं, "मामा, हे कणीक खात नाहीत." "भूक लागली की खातील गप." गोळ्या कुजून पाणी नासलं, खपाटीला गेलेल्या पोटांनी सगळे मासे मेले. श्रावण सुटताच मामांनी मटण आणलं आणि रस्सा झणझणीत कर म्हणाले. मी ताटात कच्च्या कणकेचा गोळा वाढला. "भूक लागली की खाल गप." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. माझं काही अडत नाही.